घरी कोणी नाही

गेटपाशी एक बाई पाइपने झाडांना पाणी घालत होत्या. मी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि विचारलं, "घरी कोणी आहे का? खोली बघायची होती."

त्यांनी आधी मागे वळून घराकडे पाहिलं. मग वर गच्चीकडे पाहिलं. मग पाइप तसाच हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी दिसून नाही राहिली का तुले?"

मी सॉरी म्हणाले. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाचं हे एक बरं असतं. काय बोलावं ते सुचलं नाही की सॉरी हाताशी असतं.

"काम काय करतेस?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. डोळे तपासते. चष्म्याचा नंबर काढते."

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "मग तं झालंच."

खोली मला मिळाली. गोंदियात नोकरी लागली तेव्हा मी नागपूरच्या बाहेर कधी एकटी राहिले नव्हते, आणि आई रोज फोनवर एकच प्रश्न विचारायची, की घरमालक कसे आहेत. मी सांगायचे, चांगले आहेत. घरमालक नव्हतेच, घरमालकीण होती, आणि ती कशी आहे हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातलं ते घर साधंच होतं. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओटा. वर गच्चीला लागून माझी खोली. घर बाईंच्या नावावर होतं. नवेगाव बांधच्या आजूबाजूच्या गावांमध्ये त्यांनी नोकरीभर नर्सचं काम केलं होतं. लसी टोचायच्या, गोळ्या वाटायच्या, बाळंतपणं करायची, आणि त्यासाठी दारोदार फिरायचं. त्यांचे यजमान रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले होते. ते फारसे बोलत नसत. त्या त्यांना नावाने हाक मारायच्या, तीही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी, आणि अरे-तुरे करायच्या. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना हे अजून पचलेलं नव्हतं. ते स्वतः मात्र हाकेला "आलो" म्हणून उठायचे, हातातला पेपर घडी घालून ठेवायचे आणि यायचे.

पहिल्याच संध्याकाळी मी किल्ली मागायला खाली गेले आणि म्हणाले, "काकू, वरच्या कुलपाची किल्ली..."

"काकू कोणाची?"

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी परत म्हणाले, "काकू..."

"आयकलं मी. काकू म्हणजे काकाची बायको. तू काकाले पाहिलं का अजून?"

"नाही."

"थो बजारात गेला आहे, सांबार आणाले. तुले काका भेटला नाही, मग मी काकू कशी झाली?"

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला माहीत होतं. बाकीच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. मी हळूच म्हणाले, "आंटी म्हणू का?"

"आंटी म्हणशील तर वरचं पाणी बंद करीन."

मग त्यांनीच तोडगा काढला. "मावशी म्हण. मावशी तुझ्या मायची बहीण. मधात कोणी नाही. आणि मावशीच्या नवऱ्याले काय म्हणतेस?"

"मावसाजी."

"पाय बरं! तिथं माणसाले बाईमुळं नाव भेटते. सगळ्या नात्यात तेवढं एकच नातं नीट बनवलं आहे."

तेवढ्यात ते पिशवी घेऊन आले. मावशींनी त्यांना दारातच सांगून टाकलं, "आजपासून तू मावसा आहेस."

"बरं," ते म्हणाले. पिशवी ठेवली, चपला काढल्या. मग जरा विचार करून म्हणाले, "बढती म्हणायची का? रेल्वेत तं नाही भेटली."

दोन-तीन दिवसांनी गच्चीवर कपडे वाळत घालताना मला आठवलं की आत्याच्या नवऱ्यालाही आतोबा म्हणतात, म्हणजे तेही नाव बाईवरूनच आलं. मी खाली जाऊन मोठ्या धैर्याने हे सांगितलं. मावशी भाजी निवडत होत्या. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "आत्या बापाकडची. तिले काय कमी आहे? तू जास्त विचार करतेस. जेवली का?"

त्यांची खरी लढाई मात्र एकाच वाक्याशी होती. ते वाक्य त्यांना नोकरीत पहिल्या दिवसापासून भेटलं होतं. दार वाजवायचं, घरातली बाई दारात यायची, कडेवर मूल, डोक्यावर पदर. मावशी विचारायच्या, "घरी कोण कोण आहे?" आणि बाई म्हणायची, "कोणी नाही जी."

"मग हे लेकरू कोणाच्या कडेवर आहे?" मावशी विचारायच्या. "भुताच्या?"

बाया हसायच्या, लाजायच्या. काही घाबरायच्या. पण बाईने "मी आहो" म्हटल्याशिवाय मावशी दारातून हलायच्या नाहीत, लसींच्या डब्यातला बर्फ वितळेल की काय अशी वेळ आली तरी. एका गावात एक म्हातारी त्यांच्यावर भयंकर चिडली होती. "तुले सुई टोचाची आहे का शाळा भरवाची आहे? सुनेले कायले तरास देऊन राहिली?" असं म्हणून तिने मावशींना ओट्यावरून खाली उतरवलं होतं. ही गोष्ट सांगताना मावशी म्हातारीचा आवाज काढायच्या, आणि मावसाजी आतून म्हणायचे, "म्हातारी बरोबर बोलली होती."

मला हे सगळं गमतीचं वाटायचं, एका दुपारपर्यंत. त्या दुपारी मावशी-मावसाजी लग्नाला गेले होते आणि मी सुट्टी म्हणून खोलीवर होते. कुरियरवाला आला. खालच्या जाळीच्या दारामागे उभी राहून मी त्याला सांगितलं, "घरी कोणी नाही आहे." त्याने पाकीट पुढे केलं, तर मी म्हणाले, "नंतर या." तो निघून गेला आणि समोरच्या घरातल्या बाईने हे ऐकलं. संध्याकाळी मावशी रिक्षातून उतरायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

"तू बी?" त्या म्हणाल्या.

मी बचाव केला. सांगितलं की मी एकटी होते, अनोळखी माणूस होता. मग थोडं खोलात जाऊन सांगितलं, कारण त्या नुसत्या बघत राहिल्या होत्या. नागपूरला आमच्या फ्लॅटमध्ये मी लहानपणी एकटी असले की आईने शिकवलं होतं, बेल वाजली तर दार उघडायचं नाही, आतूनच सांगायचं की पप्पा झोपलेत. पप्पा तेव्हा ऑफिसात असायचे.

मावशींनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पायातल्या सँडलचा पट्टा सोडता सोडता थांबल्या.

"म्हणजे तुह्या घरी नसलेला माणूस आहे," त्या म्हणाल्या, "आणि इथं असलेली बाई नाही."

मला राग आला होता, कारण एकट्या मुलीला दारात काय काय बघून बोलावं लागतं हे त्यांना कळत नाही असं मला वाटलं. पण त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी मावसाजींनी दाराला आतून एक साखळी लावून दिली. मावशी म्हणाल्या, "दार उघडू नको. कोणालेच उघडू नको. पण आतून सांग, मी आहो, आणि मी दार नाही उघडत. त्यात काय लाजाचं आहे?"

माझं मराठी पुस्तकी आहे, हे त्यांना फार करमणुकीचं वाटायचं. शाळेत मराठी आठवड्यातून मोजक्या तासांना यायचं आणि त्यात आम्ही मुख्यतः व्याकरण पाठ केलं होतं. मी "जाते", "येते" म्हणायचे. गल्लीतल्या बऱ्याच बायका, मावशीसुद्धा, सरळ "मी जातो", "मी येतो" म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चुकून. मग लक्षात आलं की चूक असती तर सगळ्यांची एकसारखी झाली नसती. मावशींना मी विचारलं, तुम्ही असं का म्हणता, तर त्यांनी मलाच उलट विचारलं, "इंग्रजीत काय म्हणतेस?"

"आय गो."

"त्यात बाई कुठं आहे?"

"नाहीये."

"मग इंग्रज असे बोलले तं चालते, आणि आम्ही बोललो का गावठी?" एवढं म्हणून त्या उठल्या. "चाल, मी जातो. दूध उतू जाईल."

पण त्यांचा स्वतःचा हिशेब प्रत्येक वेळी जुळायचाच असं नाही, आणि मला त्या आवडू लागल्या त्या त्यामुळेच. एकदा बाथरूमचा नळ बसवायला प्लंबर आला होता. वयाने माझ्याएवढाच असेल. पाना सटकून त्याच्या बोटावर बसला आणि तो कळवळला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

मावशी हळद आणायला धावल्या आणि धावता धावता म्हणाल्या, "बायकांसारखा काऊन रडून राहिला रे?"

मी जिन्यात उभी होते. बोलायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं. "मावशी. बायकांसारखा?"

त्या हळदीच्या डब्यासकट थांबल्या. प्लंबरने आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "मग कोणासारखा रडू, मॅडम?" त्याने खरोखरच विचारलं.

त्यांनी त्याच्या बोटावर हळद दाबली. मग म्हणाल्या, "प्लंबरासारखा रड."

त्या दिवशी जेवताना त्या दोनदा स्वतःशीच हसल्या. पण मला म्हणाल्या, "तू तोंड उघडतेस तं बरोबर जागी उघडतेस. असं वरचेवर उघडत जा." मावसाजींना माशाचा मोठा तुकडा वाढला, नंतर मला आणि स्वतःला शेवटी. हे मी त्यांना दाखवून दिलं नाही. एका दिवसाला एवढंच पुरे होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी रायपूरला राहते. तिथे तिचा नवरा आहे आणि नोकरीही. गल्लीत कोणी नवीन बाई भेटली की ठरलेला प्रश्न यायचा, "तुमची पोरगी कुठी देल्ली?", म्हणजे कुठल्या घरी दिली, आणि मावशींचं उत्तरही ठरलेलं होतं. "देल्ली नाही. थे गेली. तुमचा पोरगा कुठी देल्ला?" काहींना ते उद्धट वाटायचं. बाकीच्या हसून दुसरं काही विचारायच्या. मुलीला स्वतःला मात्र या सगळ्याची धास्ती वाटायची. ती फोनवर मला म्हणायची, "आईला सांभाळ हं. कंडक्टरशी भांडते ती."

हे खरं होतं. मी स्वतः पाहिलं. मावशींच्या जुन्या मैत्रिणीकडे नवेगावला जायचं होतं म्हणून आम्ही बसमध्ये चढलो. मावशी, त्यांची गल्लीतली एक मैत्रीण आणि मी. तिघींच्या हातांत पिशव्या. कंडक्टरने मागे-पुढे बघितलं आणि चांगल्या मनाने विचारलं, "सोबत कोणी माणूस नाही का, मावशी?"

मी डोळे मिटून घेतले.

"आम्ही तिघी काय बकऱ्या आहो का?" मावशी म्हणाल्या.

बस हसली. पण कंडक्टर इथलाच होता. तिकीट फाडता फाडता तो म्हणाला, "बकऱ्या असत्या तं मागं बांधल्या असत्या. बसा."

मावशींना तो इतका आवडला की उतरताना त्यांनी त्याच्या मुलांची चौकशी केली.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल, मावशी म्हणजे कुठेच न हरणारी बाई. मलाही तसंच वाटायचं. म्हणून तो रविवार सांगायला हवा.

मावसाजींना हर्निया होता, पार्सलं उचलून उचलून झालेला. ऑपरेशन करून घ्या, असं मावशी त्यांना कितीतरी दिवस सांगत होत्या आणि ते "पाहू" म्हणत होते. त्या रविवारी सकाळी मला खालून हाक आली. या वेळी नुसतंच "ये" होतं, बाकी काही नाही. मी उतरले तर मावसाजी पलंगावर वाकडे होऊन पडले होते, घामाने भिजलेले. उलटी झाली होती. मावशींनी त्यांच्या पोटावर हात ठेवला होता आणि त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"आतडं अडकलं," त्या म्हणाल्या. "ऑटो आण. पळ."

रस्ताभर त्या त्यांची नाडी धरून होत्या. मुलीला फोन मी लावला. ती मिळेल त्या गाडीने निघते म्हणाली. दवाखान्यात मावसाजींना लगेच आत नेलं, आणि आम्ही दोघी काउंटरवर गेलो. तिथला मुलगा तरुण होता, सौम्य होता. सकाळपासून थकलेला दिसत होता. त्याने मान वर केली, मावशींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पेशंटच्या सोबत कोणी आहे का?"

मला माहीत होतं आता काय येणार. त्या मुलासाठी मला आधीच वाईट वाटू लागलं होतं.

मावशींनी पर्स काउंटरवर ठेवली. पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

"नाही जी," त्या म्हणाल्या. "कोणी नाही."

आवाज इतका बारीक होता की मला वाटलं मागे दुसरं कोणी उभं आहे.

"मुलगा, भाऊ, पुतण्या? कोणी?"

"पोरगी रायपूरवरून येऊन राहिली."

"मग त्या येईपर्यंत..." त्याने ऑपरेशनच्या संमतीपत्रावर पेन ठेवून दिलं.

मी मावशींकडे पाहिलं. त्या काउंटरच्या काचेकडे बघत होत्या. नोकरीभर दवाखान्यात वावरलेली बाई. असल्या कागदांवर कोण सही करू शकतं हे त्या मुलापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार. पण त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता, आणि आत मावसाजींचं आतडं प्रत्येक मिनिटाला काळं पडत होतं.

"या आहेत," मी म्हणाले.

"काय?" मुलाला ऐकू आलं नाही. माझा आवाज नेहमीच तेवढा असतो.

"या आहेत ना," मी परत म्हणाले. या वेळी शेजारच्या रांगेतली माणसं वळली. "त्यांच्या पत्नी. सही या करतील."

"हो मॅडम, ते बरोबर आहे. पण उद्या काही कमी-जास्त झालं तर बोलायला कोणी जबाबदार..."

एवढ्यात आतून एक डॉक्टर बाहेर आली. हिरवी टोपी घातलेली, माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. "सही कोण करतंय? मला थांबता येणार नाही." आणि उत्तराची वाट न बघता तिने पेन उचलून मावशींच्या हातात दिलं.

मावशींनी सही केली.

"नातं?" मुलाने विचारलं.

"बायको."

"पत्नी लिहितो."

"लिही," मावशी म्हणाल्या. एरवी या एका शब्दावर त्यांनी त्याला पाच मिनिटं उभं केलं असतं. तेव्हा मला खरी भीती वाटली.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर लांब बाकं होती. आम्ही बसलो. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट धरून. ती फोनवर कोणाला तरी सांगत होती की सौंदडवरून आलो, नवरा ट्रॅक्टरवरून पडला, पाय मोडला, आत नेलं. मग फोन बंद पडला बहुतेक, कारण ती तो उलटसुलट करून बघत बसली.

मावशी पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू आयकलंस ना?"

"काय?"

"खोटं नको बोलू. तुझे डोळे चांगले आहेत, कान बी चांगलेच असतील."

मी म्हणाले, "हो. ऐकलं."

"थे मी नाही बोलली वो." त्यांनी पर्स बाजूला ठेवली. "माझी माय बोलली. दारात अशीच उभी राहे. असाच पदर ओढे. पटवारी येवो, सावकार येवो, कोणी बी. कोणी नाही जी. मी तिच्या मागं उभी राहून आयकत होती. मले वाटलं होतं, मी थे कवाच काढून फेकलं. दुसऱ्याच्या घरातून काढत फिरली न मी इतकी वर्षं." त्या थांबल्या. "जीव घाबरला, तं थेच निघालं पहिले. तयारच होतं तोंडात."

सॉरी हाताशी होतं, पण ते इथे चालणार नव्हतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. असं मी सहसा कोणाला करत नाही. त्यांनी तो काढून टाकला नाही, पण म्हणाल्या, "हात किती थंडा आहे तुझा. नाश्ता केला नाहीस ना?"

डॉक्टर बाहेर आली तेव्हा मावशी तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. आतडं वाचलं, डॉक्टर म्हणाली. वेळेत आणलंत.

"रंग परत आला होता? कापावं नाही लागलं?"

डॉक्टरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नाही लागलं. तुम्ही नर्स होतात का?"

"आहो," मावशी म्हणाल्या.

डॉक्टर गेली आणि मावशी धपकन बाकावर बसल्या. डोळे पुसले. नाक पुसलं. मुलीला फोन करायला सांगितलं, तो मी केला. त्यांचा आवाज हळूहळू त्यांच्या जागेवर येत होता. त्यांनी बाकाखालच्या कचऱ्यावरून झाडणाऱ्याला एक शब्द सुनावलासुद्धा.

मग समोरचं दार उघडलं आणि वॉर्डबॉय हातात चिठ्ठी घेऊन बाहेर आला. सौंदडच्या बाईपाशी जाऊन म्हणाला, "बाई, औषधं आणायची आहेत खालून. अर्जंट. तुमच्यासोबत कोणी आहे का?"

बाई गडबडीने उठली. पिशवी काखेत घेतली, पदर डोक्यावर ओढला. "नाही जी," ती म्हणाली, "कोणी..."

"आहे," मावशी म्हणाल्या.

सगळा कॉरिडॉर वळला. मी मावशींकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता त्या बाईला ऐकवणार. मग तू कोण आहेस, भूत आहेस का, वगैरे. डॉक्टर येऊन गेल्याला अजून अर्धा तासही झाला नव्हता आणि त्या आपल्या मूळ जागी आल्या होत्या. पण त्या तसं काहीच बोलल्या नाहीत. त्या उठल्या, मधली जागा ओलांडून गेल्या आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"आम्ही आहो," त्यांनी वॉर्डबॉयला सांगितलं. "दे इकडं चिठ्ठी."

बाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ती बावरली होती, पण खुळी नव्हती. "तुमी कोन जी?" तिने विचारलं. "मी नाही ओयखलं."

"मी तुझी कोणी नाही," मावशी म्हणाल्या. "पण मी आहो."

बाईने काखेतली पिशवी काढून खाली जमिनीवर ठेवली आणि बाकावर सरकून जागा केली.

मावशी बसल्या. चिठ्ठी त्यांनी हात लांब करून, डोळे बारीक करून वाचली. चष्मा आणायला त्या सकाळी विसरल्या होत्या. मग ती माझ्यापुढे धरली. "चष्मेवाली, पळ. आणि दुकानात मोठ्यानं बोल, नाही तर सारे तुले ओलांडून पुढं जातील."

मी चिठ्ठी घेऊन निघाले. जिन्यापर्यंत पोचले तेव्हा मागून मावशींचा आवाज आला, त्यांचा नेहमीचा, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. त्या बाईला नाव विचारत होत्या. बाईने नवऱ्याचं नाव सांगितलं.

"थो आत आहे," मावशी म्हणाल्या. "बाहेर कोण बसली आहे, तिचं सांग."